सोप्यातला पंप
निपाणीच्या फाट्यावर बस वळली की खिडकीतून तंबाखूचा उग्र वास आत शिरतो आणि मला ती संध्याकाळ आठवते. आईच्या दम्यासाठी डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला होता. बरं वाटलं तरी एक दिवसही चुकवायचा नाही, असं बजावून. महिनाभर पुरणारा तो पंप आईचा आठवड्यात संपायचा आणि नवा मिळेपर्यंत तिची धाप पुन्हा सुरू व्हायची. औषधवालाच अर्धवट भरलेला पंप देतो, असं धरून मी त्याच्याशी भांडायला बेळगावहून न कळवता आलो. घराच्या पुढच्या सोप्यात नेहमीसारख्या आईसकट पाच जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. आईनं पंप हलवून ओढला, पदरानं पुसला आणि शेजारणीच्या हातात दिला. तिनं ओढून पुढचीला दिला. पानाचा डबा फिरावा तसा तो पाचवीपर्यंत गेला. मी उंबऱ्यातच थिजलो. "आई, अगं हे काय करतीस?" मी ओरडलो. सगळ्यांचे हात थांबले. आई म्हणाली, "तंबाखूची धूळ काय एकट्या माझ्याच छातीत जाती व्हय रं?" तेव्हा मला पहिल्यांदाच पाच छात्यांतली घरघर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पाच जणींचे नंबर लावले. आता प्रत्येकीचा पंप वेगळा आहे. पण त्याच सोप्यात मी लहानाचा मोठा झालो, आणि इतकी वर्षं मला एकाच बाईची धाप ऐकू येत होती.