फोनला तीन बोटं चंदन

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी कोरा करकरीत फोन घेतला तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. तोवरचे माझे सगळे फोन म्हणजे लेकीने वापरून सोडलेले. ती चेन्नईत नवा घ्यायची आणि जुना दिवाळीला माझ्या हातात ठेवायची, तोही कोपऱ्यात तडा गेलेला. एका वर्षी मनाशी ठरवलं, बास. बँकेत जाऊन पैसे काढले, तंजावूरच्या जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात गेले आणि निळ्या पाठीचा एक फोन निवडला.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुठलं कार्ड, अम्मा? किती हप्ते?"

"हप्ते नाहीत. रोख."

बाईंना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं. मी पुन्हा सावकाश सांगितलं. मग त्या म्हणाल्या, हप्त्यावर घेतलात तर विमा त्यातच येतो, रोखीने घेणाऱ्याला तो वेगळा उतरवावा लागतो, बिल झाल्यापासून थोड्याच दिवसांत. मी म्हटलं, "पूर्ण पैसे टाकलेत. फोन माझा झाला. त्याचं बरंवाईट माझं मी बघेन." आणि ऐटीत बाहेर पडले.

ती ऐट घरी पोचेपर्यंत टिकली. आमचे हे कॉफी पीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विमा नाही घेतलास? तू?" तो 'तू' असा काही म्हटला की काय सांगू! वर बोटांवर मोजून हिशेब द्यायला लागले. एक फोन इडलीच्या पिठात, एक ओरत्तनाडूच्या बसच्या पायरीवरून खाली. मी तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी करते, रोज बसने जाते-येते, गर्दीत एखादी वस्तू हातातून सुटते, त्यात एवढं काय? पण असं कुणी हिणवलं की माझं डोकं सटकतं. त्याच संध्याकाळी बसून मी विमा उतरवायला घेतला. फोनच्या काळजीने मुळीच नव्हे, निव्वळ ह्यांच्या नाकावर टिच्चून.

विमा कंपनीचं म्हणणं असं, की फोन आरशासमोर धरा आणि त्याच फोनने आरशातला फोटो काढा, म्हणजे काच शाबूत आहे की नाही ते आम्हाला दिसेल. आमच्या घरात मोठा आरसा एकच, मोरीबाहेरचा. मी तिथे उभी राहून फोटो काढला, पाठवला. थोड्या वेळात उत्तर आलं, स्क्रीनवर डाग दिसत आहेत, अर्ज थांबवला आहे. डाग? अहो, अजून पेटीचा वास गेला नव्हता त्या फोनचा! मी तणतणत फोन उलटासुलटा केला. मागून मामंजी म्हणाले, "सूनबाई, आरसा बघ आधी."

मी रोज तोंड धुण्याआधी कपाळावरची टिकली आरशाला चिकटवून ठेवते. सहा-सात टिकल्या तिथे वर्षभर राहत होत्या. त्यातल्या तीन बरोबर फोनच्या प्रतिबिंबावर आल्या होत्या. मामंजींनी खोबरेल लावून एकेक टिकली नखाने काढली, आरसा धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "आता काढ." ह्या खेपेला अर्ज मंजूर झाला. शेवटी घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर हवा होता. मी मामंजींचा दिला. त्यांचा बटणांचा फोन पहिल्याच घंटीला उचलला जातो, कारण त्यावर दुसरं कुणी फोन करत नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे. सरकारी बसडेपोत फिटर होते, सगळी हयात बसगाड्यांच्या पोटाखाली गेली. घरी आमची तंजावुरी मराठी बोलतात, पण लिहायचं झालं तर तमिळच. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारच्या मिक्सर-पंख्यांना जीवदान द्यायचे. स्वतःची स्कूटर स्वतः उघडायचे, स्वतः जोडायचे. आदल्या वर्षी ती स्कूटर दुधाच्या बूथवर आदळली. कुणाला लागलं नाही, फक्त दोन क्रेट उलटले. पण ह्यांनी चावी मागितली आणि मामंजींनी ती मुकाट्याने दिली. त्यानंतर त्यांनी पान्ह्यांची पेटी माळ्यावर टाकली. शेजारीण पंखा घेऊन आली तर म्हणाले, आता दिसत नाही नीट. दिसत होतं चांगलं. मला फार वाईट वाटायचं, पण बोलून काय करणार?

एकच गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी तंजावूरच्या बसगाड्यासुद्धा केळीचे खुंट बांधून धावतात, रिक्षांच्या नाकाला चंदन, रस्त्यात फुटलेल्या कोहळ्यांचा कुंकवाने माखलेला लाल सडा. मामंजी त्या दिवशी पहाटेच आंघोळ करून बसतात. माळ्यावरची पेटी उतरवतात, पान्हे पुसून ओळीने मांडतात, मग विळी, शिलाई मशीन, मिक्सर, ह्यांचा लॅपटॉप. सगळ्यांना चंदन, कुंकू, फूल. पुढ्यात चुरमुरे-डाळं. पूजेला ठेवलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

त्या वर्षी त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तुझं आयुध आण."

"माझं कुठलं, मामंजी?"

"तो फोन. रोज कचेरीची सगळी कामं त्याच्यावरच करतेस ना?"

मला इतका आनंद झाला! माझा फोन पान्ह्यांच्या ओळीत बसणार! मी तो पुसून आणला. मामंजींनी चंदन उगाळलं होतं, पण त्यांचा हात थरथरतो, घट्ट चंदन बोटाला नीट येत नाही. म्हणून त्यांनी त्यात गुलाबपाणी घालून ते चांगलं पातळ केलं. मग फोन हातात फिरवून विचारलं, "ह्याचं तोंड कुठलं?"

मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे. चार्जिंगचं भोक दाखवून मी हसत म्हटलं, "हे काय. इथूनच जेवतो."

"मग इथेच लावायला हवं," म्हणाले, आणि अगदी मनोभावे तीन बोटं भरून चंदन लावलं. वर कुंकू. तांदळाच्या ताटात फोन उभा केला, तोंड खाली.

दसऱ्याला सकाळी आरती झाली, फोन उचलला. काळाठिक्कर. चार्जर लावला, काही नाही. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून टाचणीने भोक कोरलं तर वाळलेल्या चंदनाचे तुकडे पडायला लागले. मागे मामंजी चुरमुरे खात बसले होते. "काय गं, चालत नाही?"

"चार्ज संपलंय," मी म्हटलं.

फोनपेक्षा मला त्यांचंच जास्त लागलं. हे मी आज सांगते म्हणून नव्हे, तेव्हाही मला लख्ख कळत होतं. हे जर ह्यांच्या कानावर गेलं असतं तर ह्यांनी स्कूटरच्या चावीसारखी चंदनाची वाटीही काढून घेतली असती. आणि मामंजींनी ती दिली असती, हेच मोठं दुखणं होतं. मग ती पेटी माळ्यावरून पुन्हा खाली आलीच नसती.

कागद काढून वाचले. अपघात झाल्यापासून दोन दिवसांच्या आत कळवा. त्यातला एक दिवस देवापुढेच गेला होता, कारण पूजेतली वस्तू उचलायची कशी? दुपारी राजवाड्याजवळच्या कंपनीच्या केंद्रात गेले. फॉर्मवर प्रश्न होते, काय झालं, कुठे झालं, आणि त्या वेळी फोन कोणाच्या हातात होता. त्या तिसऱ्या प्रश्नापाशी पेन अडलं. मग मी सरळ ठोकून दिलं: ओरत्तनाडूच्या बसस्टँडवर उतरताना माझ्या हातून फोन डबक्यात पडला. सरकारी कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासलेली बाई मी! खोटं लिहिताना अक्षर मात्र झकास आलं. फोन तिथेच जमा केला.

घरी सांगितलं, कंपनी सेटिंग बदलून देतेय. ह्यांनी नुसती भुवई उंचावली.

आठवडा गेला. एका संध्याकाळी कचेरीतून आले तर मामंजी पुढच्या ओट्यावर ताठ बसलेले. स्वच्छ दाढी केलेली. "बस," म्हणाले. "तुझ्या विम्यावाल्या मुलीचा फोन आला होता."

मी पिशवी हातातच धरून बसले.

"विचारत होती, सूनबाईंचा फोन बसस्टँडवर डबक्यात पडला हे खरं का? मी म्हटलं, कसलं डबकं, अम्मा? पावसाचा थेंब नाही. मी चंदन लावलं त्याला. गुलाबपाणी घालून. तीन बोटं."

"मामंजी!" मी ओरडलेच. "अहो, काय केलंत हे! आता खोटं लिहिलं म्हणून सगळंच नाकारतील ना! काय गरज होती तोंड उघडायची?" सासऱ्यांशी असं बोलतात का? पण माझी जीभ सुटली ती सुटली. फोन गेला, लाज गेली, आणि जे झाकायला एवढा खटाटोप केला तेही उघडं पडलं.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "चार्ज संपलं तर माणूस टाचणी घेऊन बसतं का?"

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"स्कूटर आदळली तेव्हा सगळे म्हणाले, ब्रेक जुना होता. तूही म्हणालीस. ब्रेक मीच महिन्यापूर्वी बदललेला. माझा पाय वेळेवर पोचला नाही. सगळ्यांनी माझी चूक ब्रेकवर टाकली. मग माझ्याकडे करायला उरलं काय? चावी देणं. डेपोत गाडी बिघडवली तर जॉबकार्डावर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीवर, आपलं नाव लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा आपल्याच हातात द्यायचे. फिटरची चूक फिटरच्या नावावर राहू दे, सूनबाई."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि आत जाऊन स्वतः कॉफी केली. साखर दुप्पट पडली होती. मी गुपचूप प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मला कचेरीत फोन करून चांगलं झापलं. खोटं विधान कायम ठेवलंत तर सगळं रद्द होईल, अजून निकाल झालेला नाही, तेव्हा आजच खरं लिहून द्या. मग जरा नरमून म्हणाली, "अम्मा, पातळ पदार्थ चुकून आत जाणं ह्याला विमा आहेच. चंदन म्हणून काय झालं? आयुधपूजेनंतर आमच्याकडे असे फोन येतातच." म्हणजे मी उगाचच डबकं खणलं होतं!

नवा फॉर्म मामंजींनी भरला. तमिळमध्ये, जॉबकार्डाच्या थाटात, ठळक अक्षरांत. वस्तू: फोन. बिघाड: सुरू होत नाही. कारण: चार्जिंगच्या जागेत पातळ चंदन. मी मध्येच म्हटलं, "तिथे लावा असं मीच सांगितलं होतं, तेही लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली एक ओळ वाढवली, काम दाखवणारी: सून. काम करणारा: सासरा. आणि सही ठोकली. त्या रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून ह्यांना सगळं सांगितलं. हे हसून हसून ठसकले, पण वाटीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर चार दिवसांनी शेजारीण पंखा घेऊन आली, तर मामंजी म्हणाले, ठेव.

फोन दुरुस्त होऊन आला. विमा एका वर्षाचा होता. तो संपायला आला तेव्हा हे म्हणाले, फोन आता जुना झाला, पुन्हा कशाला उतरवतेस? मी उठून मोरीबाहेर गेले. आरशाच्या टिकल्या काढल्या, फोटो काढला आणि पाठवून दिला.

यंदाच्या खंडेनवमीला मामंजींनी पान्हे मांडले, विळी मांडली, सगळ्यांना चंदन लावलं. मी फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला, हातात फिरवला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. "ह्याला नुसतं फूल पुरे. हात फार हलतो आता."

मला असा राग आला म्हणता! "मामंजी, मग मी पुन्हा विमा कशाला उतरवलाय? लावा मुकाट्याने."

त्यांनी बोटं धोतराला पुसली. मग वाटी जवळ ओढली.

"गुलाबपाणी घालू?"

"घाला," मी म्हटलं, आणि फोनचं तोंड त्यांच्याकडे केलं.