पूर्णिमाचा डावा हात

पूर्णिमा माझ्या शेजारणीची, उषाबाईंची मुलगी. उषाबाई आमच्या गावच्या लालबागला प्राथमिक शाळेत शिकवतात. मी पॉवरलूमवर होतो, आता घरी असतो. मेहनत करणारी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांच्यात या पोरीला मी वरच्या रांगेत बसवतो. ते का, एवढंच लिहितो.

ती बाहेरगावी विमान चालवायला शिकत होती. सगळं जमलं, एक स्टॉल सोडून.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं, असं मी समजत होतो. तिने पंजा आडवा धरून दाखवलं. नाक फार वर उचललं की वरून जाणारी हवा पंखाला सोडते आणि पंख वजन धरत नाही. इंजिन चालूच असतं. त्याआधी वेगाची सुई खाली उतरते, पंखातला भोंगा पिपाणीसारखा वाजतो. तेव्हा डाव्या हातातली दांडी जराशी पुढे न्यायची. नाक खाली येतं, पंख पुन्हा हवा धरतो. मग उजव्या हाताने इंजिनाची पॉवर वाढवायची.

पूर्णिमाचा हात मागे जायचा. भोंगा वाजला की ओढायची. ओढलं की पंख आणखी सुटतो.

तिचे सर एकदा वैतागले. "बैलगाड़ी चलाती थी क्या?"

"जी सर," ती म्हणाली.

त्यांनी टोमणा मारला होता, पण गोष्ट खरी होती. फोपनारला, आजोबांच्या गावी, त्यांची गाडी ती लहानपणापासून हाकायची. कासरा डाव्या हातात, पराणी उजव्या हातात. बैल बिथरले की डावा हात मागे. हात तेच शिकलेला.

सर हसले. मग हिशेबाने समजावलं: उंचावर मी शेजारी आहे, सावरून घेतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात उंची नसते. तिथे हात मागे गेला तर सावरायला जागा नाही. सुट्टीवरून आल्यावर एकदा बघेन. तेव्हाही मागे गेला तर एकटीला विमान देणार नाही.

एकटीने उडाल्याशिवाय पायलट होता येत नाही. ती सुट्टीला आली ती हे घेऊन.

दुसऱ्याच दिवशी ओट्यावर खुर्ची मांडली. दोन पायांमध्ये कुदळीचा दांडा उभा धरला, डाव्या हाताने. उजवीकडे स्टुलावर स्टीलचा ग्लास उपडा, ती पॉवर. आईच्या हातात जत्रेतली पिपाणी दिली.

"मम्मी, सांगून नको वाजवू. सांगून वाजवलं तर काय फायदा?"

उषाबाई मग कधीही वाजवायच्या. कणीक मळता मळता, फोनवर बोलता बोलता. पूर्णिमाचा दांडा पुढे, मग ग्लास. ग्लास आधी सरकला तर ती स्वतःच म्हणायची, "चूक. नाक अजून वर गेलं." आणि पुन्हा पहिल्यापासून.

समोरच्या धुरपदाबाई ओरडल्या, "उषाबाई, पोरगी पायलट होऊन राहिली का बँडवाली?"

"दोन्ही होईल," उषाबाई म्हणाल्या, "तुमच्या नातवाच्या लग्नात वाजवायला पाठवते."

एक दिवस मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. पूर्णिमा ताक वाढत होती, तांब्या डाव्या हातात. पिपाणी वाजली. हात पुढे गेला आणि ताक माझ्या मांडीवर.

"सॉरी काका."

"ताकाचं सोड. हात पुढे गेला ना?"

"गेला, पण जास्त गेला. असं ढकललं तर विमान नाकावर जाईल."

मला ही गोष्ट आवडली. दुसरं कोणी असतं तर त्या दिवशी पेढे वाटले असते. ही उठली आणि तांब्या काठोकाठ पाण्याने भरून बसली. पिपाणी वाजली की हात पुढे, पण थेंब सांडायचा नाही. सुट्टी संपेपर्यंत तेच. ओटा आधी ओला व्हायचा, मग कमी ओला, मग कोरडा राहिला.

परत गेल्यावर सरांनी तिला वर नेलं. बोलण्यात गुंतवलं, रेडिओवर काय ऐकलं ते विचारलं आणि बोलता बोलता वेग उतरवला. भोंगा वाजला. ती मला फोनवर म्हणाली, "काका, मी विचार करायच्या आधी हात पुढे गेलेला." नाक थोडं खाली, मग पॉवर. सरांनी वळणात करायला लावलं, उतरताना असतं तसं पंखामागच्या झडपा, फ्लॅप, खाली ठेवून करायला लावलं. पुन्हा पुन्हा. चांगलं म्हणाले नाहीत.

खाली उतरल्यावर इंजिन चालू ठेवून सरांनी आपला पट्टा सोडला. बाहेर पडले. "एक चक्कर अकेली मारके आओ," म्हणाले आणि दार लावलं.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"टाइम कुठे होता? सुई बघायची, बाहेर बघायचं."

"शेवटच्या वळणात भोंगा वाजला?"

"नाही काका. वळणात वाजूच दिला नाही. चाकं टेकताना जरा वाजला. तिथे हवा पंखाला सोडणारच, तो वाजायलाच पाहिजे."