तार न लावणारे भावोजी

"तुझे भावोजी गेले. पहिल्या गाडीने ये. आणि रडू नकोस, मीही रडलेले नाही." ताईचा फोन एवढाच. मी खेडला, ती रत्नागिरीत. रडायचा माझा विचार नव्हताच, पण सख्ख्या बहिणीला तिच्या नवऱ्याच्या मरणाच्या सकाळी तसं तोंडावर सांगता येत नाही, म्हणून नुसतं 'बरं' म्हटलं आणि स्टेशन गाठलं. त्याला आता महिना होऊन गेला. मध्ये या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, भावोजींवर चार चांगले शब्द लिहा. मी म्हटलं, चार सापडले तर चार, नाहीतर जे सापडतील ते लिहीन. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

सदानंदभावोजी मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन, बोटाखाली कडकट्ट, आणि भर समुद्रातून साऱ्या जगाशी बोलणं. त्या काळी आमच्याकडे त्याचं केवढं अप्रूप! रजेवर आले की पडवीत माणसं जमायची. मी एस्टीत कंट्रोलर, उभा जन्म गाड्या पुकारण्यात गेला. भावोजी मला चारचौघांत म्हणायचे, "कंट्रोलरसाहेब, तुमचा आवाज डेपोच्या फाटकापर्यंत. माझा केपटाऊनपर्यंत." लोक हसायचे, मीही हसायचो. काय करता, पाहुणा पडला. ताईला मात्र ते लोकांसमोर बोलायचे नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करायचे, मोर्सच्या तारभाषेत. ती विचारायची, काय म्हणालात? "तुला कळू नये म्हणून तर तसं म्हणालो," हे उत्तर. आमटी खारट झाली असेल, नाहीतर तिच्या माहेरचा उद्धार असेल, देव जाणे. ती वाढत राहायची.

मग उपग्रहाची यंत्रं आली आणि बोटीवरची रेडिओ ऑफिसरची जागाच गेली. ऐन उमेदीत माणूस घरी बसला. इथे मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं, थोडंसं वाटतंही. पण घरी बसून त्यांनी काय केलं, तर घराचीच बोट केली आणि स्वतः कॅप्टन झाले. मुलगा अमेय हुशार, कॉम्प्युटर शिकला. एकदा बाप फारच टोचून बोलला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुमचं काम आता एक डबा करतो." झालं! त्यानंतर बापलेकात जे बिनसलं ते बिनसलंच. तो न्यूझीलंडला निघाला तेव्हा भावोजी दारात उभे राहून म्हणाले, "मी बोलावल्याशिवाय यायचं नाही." आणि बोलावलं कधीच नाही. ताईने दोघांच्या विनवण्या केल्या. पण पोरगाही त्यांचाच, तोही ताठ.

ताईला मधुमेह. तो हळूहळू डोळ्यांत उतरला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, इंजेक्शनं देतो, पण नजर किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. भावोजी तिथेच खुर्चीत बसून ऐकत होते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. ताईला एकच ध्यास लागला... दिसतंय तोवर अमेयला एकदा नीट बघायचं. माझ्या मोबाईलवर तो दिसायचा, पण त्या एवढ्याशा चौकोनात तिला नुसता धुरकट डाग दिसे. ती म्हणायची, "हा अमेय की सुपारी रे?" म्हणून अमेयने गावाकडे येणाऱ्या एका मित्राच्या हाती भला मोठा लॅपटॉप पाठवला. सगळं आत भरून, तयार करून. चालू करायचं आणि बोलायचं, बस्स.

मित्र निघून गेला आणि भावोजींनी तो लॅपटॉप त्याच दिवशी कोरा केला. का, तर म्हणे, "उघडल्या उघडल्या हे मला माझं नाव विचारतं. बोटीवर कॅप्टनलासुद्धा मी विनाकारण नाव सांगितलं नाही." दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घरात नको, म्हणून त्यांनी त्यावरचं विंडोज पुसून लिनक्स घातलं. लिनक्स चांगलं असतं हो, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. फुकट मिळतं, कुणाची मिंधेगिरी नाही. पडदा चालला, आवाज चालला, कॅमेरा चालला. वाय-फाय तेवढं चालेना. वाय-फायचं यंत्र सापडलं नाही, एवढं एकच वाक्य पडद्यावर. भावोजींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. यंत्र सापडत नाही, हे त्यांच्या घरात, त्यांना!

मी माझ्या फोनवरून अमेयला विचारलं. तो म्हणाला, "मामा, सोपं आहे. वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सबरोबर येत नाही, नेटवरून उतरवावा लागतो. आणि नेटसाठी वाय-फाय हवं, अशी गोची आहे. तुझा मोबाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला लाव, म्हणजे मोबाईलचं नेट आत जाईल. ड्रायव्हर उतरला की वायर काढून टाक. एकदाच लावायची, पुन्हा कधी नाही." मी हे भावोजींना जसंच्या तसं सांगितलं. ते माझ्या हातातल्या वायरीकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांच्यासाठी म्हातारपणाची काठी आणली होती. "बिनतारी चालू करायला तार? अरे, मी वादळात, अँटेना तुटलेली असताना बोटीचा संपर्क ठेवलाय. आणि आता पोरगं मला तार लावायला सांगतंय?" मी म्हटलं, भावोजी, ताईच्या डोळ्यांसाठी म्हणतोय. "तिचे डोळे कुठे पळून चाललेत?" हे त्यांचं वाक्य. ताई तिथेच तांदूळ निवडत होती, चाचपडत.

एकदा ते आंघोळीला गेले असताना मी आणि ताईने डाव साधायचं ठरवलं. अमेय फोनवर, मी वायर लावली, लागलीच नेट आलं. ताई माझ्या पाठीशी उभी. ड्रायव्हर टाकायला गेलो तर पासवर्ड मागितला. अमेय म्हणाला, तो बाबांनाच माहीत. ताईने न्हाणीच्या दाराशी जाऊन विचारलं, "अहो, तो पासवर्ड काय हो?" आतलं पाणी थांबलं. भावोजी पंचा गुंडाळून, अंगावर साबण तसाच, बाहेर आले आणि वायर उपटून त्यांनी खिडकीतून मागच्या माडांच्या आगरात फेकली. माझी वायर! ताईला म्हणाले, "थोडा धीर धर. माझ्या हाताने दाखवीन तुला अमेय." ती म्हणाली, "धीर मला आहे हो. डोळ्यांना नाही."

मग सुरू झाला पेनड्राईव्हचा उद्योग. मारुती मंदिराजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जायचं, एक फाईल उतरवायची, घरी आणायची. ती फाईल म्हणायची, आधी दुसरी हवी. परत दुकान. दुसरी म्हणायची, तिसरी कुठाय? तिसरी आली तर ती भलत्याच आवृत्तीची. दुकानदारही सांगून थकला, काका, मोबाईल लावा. पण भावोजींना उमेद चढली होती. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा एक हरवलेलं स्टेशन सापडत नव्हतं आणि ते शोधत होते. मी गेलो की मलाच सुनावायचे, "आज लागणार." आज लागणार म्हटलं की ताई वेणी घालून, बरं लुगडं नेसून खुर्चीत येऊन बसायची. दिवेलागण झाली की उठून आत जायची. एकदा ती म्हणाली, डोळ्यांसमोर काळं जाळं आल्यासारखं वाटतंय. तर म्हणाले, "पडद्यावर धूळ असेल. पुसतो."

आणि एक दिवस लागलं. तार न लावता लागलं, हे कबूल करायलाच हवं. मी तिथेच होतो. भावोजींनी टाळी वाजवली, आयुष्यात पहिल्यांदा मुलाला आपणहून फोन लावला आणि पडद्यावर अमेय आला... स्वच्छ, पुरा, जसा काही समोर पाटावर येऊन बसलाय. "ये गं, बघ," भावोजी ओरडले. ताई आली, बसली. अमेय म्हणाला, "आई." तिने आवाजाच्या रोखाने मान केली, पण डोळे पंख्याकडे. "आई, इकडे बघ ना." भावोजी म्हणाले, "उजेड कमी पडतोय," आणि त्यांनी पडद्याचा उजेड वाढवला. ताई तशीच. त्यांनी आणखी वाढवला. "आता दिसतंय?" आणखी. पडदा असा पेटला की मला बघवेना. "समोर बघ ना, समोर! पूर्ण वाढवलाय!" ताई म्हणाली, "वाढवू नका. चतुर्थीपासून काही दिसत नाही मला. मोदक अंदाजाने वळले. तुम्ही खाल्लेत की... कळलं नाही?"

भावोजींचं बोट बटणावरच राहिलं. पडद्यावर अमेय 'हॅलो, हॅलो' करत होता, त्याला वाटलं आवाज तुटतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत रक्त उतरलंय, डोळ्यामागचा पडदा सुटलाय, आता काही करण्यासारखं नाही. वेळेवर आला असतात तर वगैरे ते बोलले, पण ते ऐकायला भावोजी थांबले नाहीत, बाहेर जाऊन रिक्षात बसले.

ताईने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. असं लिहिलं की तुम्हाला वाटेल, काय थोर बाई! अजिबात नाही, आमची ताई आहे ती. तिने काय केलं, दर रविवारी सकाळी भावोजींना लॅपटॉपसमोर बसवलं, अमेयला बोलवायला लावलं आणि म्हणाली, "सांगा, काय दिसतंय." ते काय सांगणार, कपाळ? त्यांनी उभ्या जन्मात मुलाकडे नीट पाहिलंच नव्हतं. "शर्ट घातलाय." रंग? "निळा." कसला निळा? "निळा म्हणजे... निळा." नाक कसं दिसतं आता? "नाकासारखं." ती म्हणायची, "केपटाऊनला असंच सांगायचात?" मुलगा तिकडे ऐकतोय, बाप घाम पुसतोय, आणि ही सोडत नाही. "आणखी. केस?" "आहेत. दाट आहेत." असे रविवारमागून रविवार, वर्षानुवर्षं. मी रविवारी तिथे नसायचो, हे सगळं मला नंतर कळलं. माणूस खचत गेला, बोटांची टकटक थांबली, पण रविवार काही चुकला नाही. शेवटच्या तापातही तिने त्यांना उशा लावून बसवलं होतं. एका सकाळी चहा घेता घेता त्यांची मान कलंडली. कप फुटला त्याच्या आवाजावरून ताईला कळलं.

अमेय आला. न बोलावता आला, बोलावणारं आता कोण होतं? तो ताईच्या पायाशी बसला आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथेच थबकला. मग पुढून मागे, मागून पुढे फिरला, कपाळावरून नाक-हनुवटीवर उतरला. अमेयला पुरतं टक्कल पडलंय, केव्हाचं. ताई म्हणाली, "केस कुठायत?" तो म्हणाला, "जाऊन बरीच वर्षं झाली, आई. बाबा दाट सांगायचे, तू खूश व्हायचीस... मी गप्प बसायचो." मला, खरं सांगतो, त्या क्षणी त्या माणसाची पहिल्यांदा कीव आली. जन्मात ज्याने कुणाला बरं वाटेल असा शब्द काढला नाही, त्याने बायकोसाठी दर रविवारी पोराच्या डोक्यावर केस लावले होते. वाटलं, ताई आता रडेल. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या पोराला बघत होते रे?"  आणि पुढे म्हणाली, "डोळे गेले तर गेले म्हटलं. एवढं तरी खरं आहे समजून दिवस काढले. तेवढंही ठेवलं नाही मेल्याने." माझी कीव तिथेच संपली.

पासवर्ड भावोजींबरोबर गेला होता. तेराव्यानंतर अमेयने लॅपटॉप पुसून लिनक्स नव्याने घातलं. वाय-फाय नेहमीप्रमाणे नाही. त्याने माझा मोबाईल वायरने जोडला, काहीतरी दोन ओळी टाइप केल्या, वायर काढून माझ्या हातात दिली. ताई चहाचा कप घेऊन शेजारी बसली होती, अजून एक घोटही घेतला नव्हता. "झालं?" तिने विचारलं. तो म्हणाला, झालं. "एवढंच होतं?"  मी उठून आगरात गेलो.

आता अमेय परत गेलाय, आणि रविवारची पहिली गाडी पकडून मी रत्नागिरीला जातो. भावोजींच्या खुर्चीत बसतो. खुर्चीला त्यांच्या बैठकीचा खळगा पडलाय, त्यात बसलं की माणूस आपसूक पुढे वाकतो. गेल्या खेपेला पडद्यावर अमेय आला तशी ताई म्हणाली, "सांग. आणि खरं सांगायचं हां, नाहीतर तुझीही गय करणार नाही." मी सांगितलं, स्वेटर राखाडी, कोपरावर उसवलेला. दाढी वाढलीय, पांढरी जास्त. डोळे सुजलेत. ती म्हणाली, "दिसतो कुणासारखा?" अमेयने तिकडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "ताई, हुबेहूब भावोजी."

"ते हाताला कळलंय मला," ती म्हणाली. "पुढे सांग."