चार उष्टे कपकेक

"चुरा मले देऊ नको," असं म्हणून ती दोन्ही हात पाठीमागे न्यायची. लग्नघरचं काम आटोपलं की तुटका लाडू, मोडकी जिलेबी आम्हा पुऱ्या लाटणाऱ्या बायांच्या ओंजळीत पडायची. आम्ही घ्यायचो. ती उपाशी घरी जायची. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिच्या शेजारी बसून काम करणं फार जड जातं.

आमचं कधी पटलं नाही. माझी पुरी फुगली नाही की म्हणायची, "हातात जोर नाही, सारा तोंडात हाय." मीही तिला सोडलं नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि बाहेरून साहेब लोक आले. चौबे कॉलनीतल्या एका साहेबाकडे ती स्वयंपाकाला होती, तिथेच केक शिकली. वाढदिवसाला केक पाहुण्यांना आणि सुरीला चिकटलेलं तिला. तिने ते कधी तोंडात घातलं नाही.

मग तिच्या पोरीचं लग्न ठरलं. मुलाच्या आईला स्टेजवर तीन मजली केक हवा होता. हिने केले कपकेक, कागदाच्या वाटीतले, बिनअंड्याचे, माणशी एक. भांडी घासणाऱ्या बायाही त्यात धरल्या होत्या.

"माहा पोट्टा काय कापन? बोटं?" विहीण सगळ्यांसमोर म्हणाली.

"कापाचं काहून? सगळ्याइले अख्खा भेटते," ही म्हणाली.

पण चार ट्रे तिने रुखवताच्या टेबलावर मांडले, दिसावेत म्हणून. रुखवतात मांडलेलं सगळं मुलाकडे जातं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तिला बजावलं. "तू आपल्या पुऱ्या लाट," म्हणाली.

जेवणं व्हायच्या आत विहिणीने दोरी मागवली. "ट्रे बांधा अन् गाडीत ठेवा. रुखवतातलं आमचं हाय."

ही पुढे झाली. प्रत्येक ट्रेमधला एकेक कपकेक उचलला, चावला आणि परत जागेवर ठेवला. "उष्टं झालं. आता न्या, विहीणबाई."

विहीण मागे सरली. पाहुण्यांनीही तोंडं फिरवली. नवरी हिरव्या चुड्यात रडत उभी होती. सगळे ट्रे मागे आमच्याकडे आले. चावलेले चारही तिने पालथ्या घमेल्यावर बसून स्वतः खाल्ले, बाकीचे अख्खे आम्हाला वाटले. तिच्याशी वाकडं म्हणून मी तीन खाल्ले.

"पोरीले भोगावं लागन," मी म्हटलं.

"हव," ती म्हणाली.

लागलंच. पहिल्या दिवाळीला पोरीला माहेरी पाठवलं नाही, दुसऱ्यालाही. त्या दोन वर्षांत माझ्या पुऱ्यांना तिने एकदाही नावं ठेवली नाहीत. मला ते आवडलं नाही.

ती गेली. तेरवीला पोरगी आली, सोबत सासूही. स्वयंपाक आम्हीच केला होता. पाहुण्यांची पानं मांडायला घेतली तर पोरगी म्हणाली, "पहले मौसी लोग बैठेंगे." आम्हाला बसवून तिने स्वतः वाढलं.

सासू खुर्चीवर बसून पंगत उठायची वाट पाहत होती. मी सावकाश जेवले.