नानांचा बिल्ला

अख्ख्या जळगावात एक्स-रे मशीनला घाबरणारे पुष्कळ असतील, पण एक्स-रे काढणाऱ्याला मशीनपेक्षा जास्त घाबरणारा दवाखाना एकच, तो म्हणजे माझा. मी तिथला हाडांचा डॉक्टर, मालकही मीच, आणि तरी नानांच्या खोलीत शिरताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. नाना मूळचे धुळ्याकडचे. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ते मशीन सावकाश तापवत, आणि तोवर कितीही मोठा माणूस आला तरी त्याला बाकावर बसवत. "थंड मशीन एकदम दामटलं तर ट्यूब जाते, साहेब. मोडलेला हात काही पाच मिनिटांत पळून जात नाही," असं त्यांनी एका पुढाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. शिशाच्या अ‍ॅप्रनची घडी घातलेली दिसली की त्यांचं डोकं फिरे, कारण घडीवर आतलं शिसं चिरतं. लोक माणसांचे एक्स-रे काढतात, हे गृहस्थ वर्षातून दोनदा अ‍ॅप्रनचा एक्स-रे काढून चीर शोधत बसत. तरण्या सुनेला दिवस गेलेत का, हे सासूसमोर कसं विचारायचं? नाना आधी सासूबाईंना म्हणत, "आक्का, बाहेर तुमची चप्पल कुणी घालून चाललंय वाटतं." सासूबाई धावत बाहेर, दार बंद, मग प्रश्न.

पण त्यांचा खरा जीव छातीवरच्या बिल्ल्यात. अंगावर किती किरण पडले ते हा बिल्ला नोंदवतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. नानांचा अहवाल दरवेळी कोरा यायचा आणि तो ते मला मुद्दाम आणून दाखवायचे. संध्याकाळी बिल्ला खोलीबाहेरच्या खुंटीवर, हा त्यांचा नेम. माझा बिल्ला बहुतेक गाडीत पडलेला असायचा.

एकदा नाना भाचीच्या लग्नाला दोन दिवस धुळ्याला गेले. बदली माणूस होता. एका पेशंटचा पाय धरायला मला आत जावं लागलं, म्हणून मी खुंटीवरचा नानांचाच बिल्ला अ‍ॅप्रनला अडकवला. काम झाल्यावर अ‍ॅप्रन बिल्ल्यासकट टेबलाच्या कडेला फेकला आणि विसरलो. दोन दिवसांचे सगळे एक्स-रे त्याच्या शेजारीच निघाले. तिसऱ्या दिवशी नाना यायच्या आत मला ते दिसलं. ते रागावतील या भीतीने मी अ‍ॅप्रनची घडी सरळ केली, बिल्ला खुंटीवर टांगला आणि गुपचूप बाहेर पडलो.

तीन महिन्यांनी अहवाल आला. नानांच्या नावावर भलताच आकडा आणि सोबत खुलासा मागणारं पत्र. नाना ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत माझ्यासमोर उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, मी बिल्ला आत विसरलो असेन का हो?"

मी म्हणालो, "असेल नाना. वय होतं माणसाचं."

हे वाक्य मी बोललो. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. नानांनी स्वतःच्या अक्षरात चूक कबूल केली आणि खाली मी सही ठोकली. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. "ज्याला बिल्ल्याची आठवण राहत नाही, त्याने एक्स-रेआधी दार लावलं की नाही याचा काय भरवसा," एवढंच म्हणाले. मी त्यांना शाल दिली, भाषण केलं आणि त्या भाषणात त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुकही केलं. निर्लज्जपणाला काही सीमा?

गेल्या महिन्यात मेहरूणला त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर नाना दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. ते पुन्हा आत गेले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "कामावरून घरी बसले तेव्हापासून असंच चाललंय. स्कूटरही सोडली. विसरतो म्हणतात." त्या कप घेऊन आत गेल्या आणि मग मला बसवेना. नाना परत आल्यावर मी सगळं सांगितलं, खालमानेने, एका दमात. आता ते मला घराबाहेर काढतील अशी मनाची तयारी होती. खरं तर तेच हवं होतं.

 नाना उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. मला प्रमाण भाषेत दटावणारा हा माणूस बायकोशी मात्र आपल्या अहिराणी बोलीत बोलायचा. "आयकं का," ते म्हणाले, "बिल्ला मी खुटीलेच टांगेल व्हता. मन्ही याद शाबूत शे."  काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

मग ते माझ्याकडे वळले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, बरं झालं सांगितलंत." माझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.