समुद्राच्या ग्रुपचे नियम

मोबाईलवरच्या ग्रुपचं ॲडमिन झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपण उठायच्या आधीच ते हजर असतात. आमचा ग्रुप समुद्राच्या फोटोंचा. ॲडमिन दोघं: पालघरची मी आणि जवळच्याच माहीमचे वाडीवाले वसंतभाऊ. नियम करायची हौस भाऊंना.

पहिला नियम, फक्त समुद्राचेच फोटो. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी स्वतःच्या वाडीतला केळीचा घड टाकला. मी विचारलं, "भाऊ, समुद्र कुठे?"

"मागं हाय. केळ मधी आली, त्याला आमी काय करणार?"

मग ठरलं, भांडायचं नाही. लगेच सूर्यास्त एडवणचा सुंदर की माहीमचा, यावर दोन दिवस जुंपली. भाऊच पुढे. शेवटी घिवलीच्या एका खलाशाने लिहिलं, "आमच्याकडं आज ढग हाय. सूर्य कोणाचा ते ठरलं की कळवा."

नव्या माणसाने आधी गाव सांगायचं, असाही नियम होता. बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार आला. त्याने लिहिलं, "गाँव तो बहुत दूर है. समंदर यहीं का देखता हूँ."

भाऊंचा मला फोन, "ताई, तो नियम काढा." त्या कामगाराचा पहिला फोटो मी अजून जपून ठेवलाय. नुसतं संध्याकाळचं पाणी आणि काठावर त्याच्या चपला. बघत बसलं की माझा चहा निवतो.

सगळ्यात वाईट नियम मात्र माझा. तीन महिने गप्प राहील त्याला काढायचं. त्यात जनाआत्यांचा नंबर लागला. घिवलीला जन्मभर मासळी सुकवली, आता गुडघे गेले म्हणून बोईसरला लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, "आई सकाळपासून मोबाईल घेऊन बसलीय. जेवली पण नाय. समुद्र आला नाय म्हणते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम खोडला, आत्यांना परत घेतलं, सगळ्यांसमोर माफी मागितली आणि लिहिलं, 'इथे बोलायची सक्ती नाही.'

झालं, अख्खा ग्रुप स्वागताला धावला. फुलं, जोडलेले हात, "कशा आहात आत्या", "काहीतरी बोला ना आत्या". दुपारपर्यंत मेसेज थांबेनात.

मग आत्यांनी पहिल्यांदाच आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

"पोरांनो, बरं वाटलं. आता जरा गप बसा. तुमच्या बडबडीत फोटोतल्या लाटा आयकू येत नाय."