पुडीतला बटाटा

कळंबला आमच्याकडं ऊस लावायचा तो कांड्यांचं बेणं करून, आणि बटाटा लावायचा तो बटाट्याच्याच फोडी करून. बटाट्याला मिरचीसारखं बी असतं, हे मला कळलं नव्वद सालानंतर कधीतरी, बारामतीच्या शेती शिबिरात. तिथल्या बाईंनी कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिलं. इतकं बारीक, की श्वासानं उडेल म्हणून घरी येईतो मी पुडी उघडलीच नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, गडीमाणसं तात्या. त्यांच्याकडं विहिरीजवळची दोन गुंठ्यांची पट्टी मागितली, तर पुडीत डोकावून म्हणाले, "ही तपकीर कुणाची आणलीस?"

"बटाट्याचं बी हाय, मामा."

"बटाट्याला बी नसतंय, बेणं असतंय. बरं, घे पट्टी. पण उसाच्या लागणीपतूर. तवर बटाटा दिसला न्हाय, तर तितं उसाचं बेणं दाबणार बघ."

राखेत कालवून बी वाफ्यात टाकलं. आठ-दहा दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले. मी तर तिथंच बसून राहिले, चूल इझली घरात. महिन्यानं रोपं सरीवर लावली. शेजारीण बांधावरून म्हणायची, "मिरची बरी हाय गं तुझी." मी व्हय म्हणायची. खरं सांगते, मलाही ती मिरचीच वाटायला लागली होती.

माघात लागणीला गडी आले. पाला अजून हिरवाच, म्हणजे बटाटा काढायला आला नव्हता.

"कुठं हाय बटाटा?" मामा म्हणाले.

"खाली बघा की."

उकिडवे बसून त्यांनी बोटांनी माती सारली. लिंबाएवढा एक निघाला. त्याच्या मागं तीन. शेजारच्या रोपाखाली लांबट, तांबूस. त्यापुढच्या रोपाखाली पांढरे, गोल. मला हसावं का रडावं कळेना. त्या चिमटीत हे सगळं कुठं मावलं होतं?

"एका पुडीतलं हाय हे?" मामा हळूच म्हणाले. "एकासारखं एक न्हाय. आपल्या पोरांवानी."

बेण्याची मोळी खांद्यावर घेऊन एक गडी ताटकळत उभा होता. त्याला म्हणाले, "ही पट्टी सोडून लावा."

"किती दिवस सोडायची, तात्या?"

"मला काय इचारतोस? तिला इचार."